गुरुजी आले नाहीत तरी: आपल्या हातानं लक्ष्मीपूजन

आश्विन अमावस्येच्या संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेत गुरुजी हा माणूस मंत्र्यापेक्षा दुर्मीळ असतो. एकेकाकडे आठ-दहा दुकानं, आणि सगळ्यांना पूजा दिवेलागणीलाच हवी. स्कूटर लावायची, बारा मिनिटांत पूजा, दक्षिणा, पुढचं दुकान. त्यांना तरी काय बोलणार? प्रदोषकाळ रबरासारखा ताणता येत नाही.

आमचं दुकान मसाल्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी उभं राहिलं. ऑक्टोबरात दिवाळी आली तरी भिंतींची ओल वाळलेली नव्हती. नेहमीच्या गुरुजींचंही घर पाण्यात गेलेलं, ते लेकीकडं राहायला गेलेले. मी दुसरे कोणी मिळतात का म्हणून फोन लावत बसले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ठेव तो फोन. आपणच करू की. लक्ष्मी काय गुरुजींच्या मागनं येती व्हय?"

तेव्हापासून घरची आणि दुकानची दोन्ही पूजा आम्हीच करतो. पहिल्या वर्षी कलशात पाणी घालायचं विसरले आणि बत्तासे घरीच राहिले. दुसऱ्या वर्षापासून वहीत टिपणं काढायला लागले. मग श्रीसूक्ताचा, म्हणजे लक्ष्मीच्या वैदिक स्तोत्राचा, अर्थ लावत बसले, आणि तिथं भेटलेली देवी कॅलेंडरवरच्या नाणी ओतणाऱ्या बाईपेक्षा बरीच वेगळी निघाली. ती ओली आहे, तिला शेणाचा वास आहे, चिखल तिचा मुलगा आहे. हे कळल्यावर ताटात काय मांडायचं आणि कशासाठी अडून बसायचं नाही, हे आपोआप सुटत गेलं.

आधी तारीख

अमावस्या प्रदोषकाळी असायला हवी, हा मूळ नियम. सूर्यास्तानंतरचे तीन मुहूर्त म्हणजे प्रदोष. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे साधारण दोन तास चोवीस मिनिटं. अमावस्या एकाच संध्याकाळी येत असेल तर प्रश्नच नाही. ती दोन दिवसांत विभागली की शास्त्रार्थ सुरू होतो, आणि लागोपाठ दोन वर्षं तसंच झालं. २०२४ ला महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिलं, उत्तरेत बहुतेकांनी ३१ ऑक्टोबरला केलं. २०२५ ला आपल्याकडे २१ ऑक्टोबर, तिकडे २० ऑक्टोबर. मोबाईलवर दोन्ही तारखा एकाच वेळी झळकल्या आणि पेठेत दोन दिवस दुसरी चर्चा नव्हती.

माझा सल्ला सोपा आहे. वर्षभर घरातली एकादशी आणि संकष्टी ज्या पंचांगावर चालते, त्याचीच तारीख धरा. दिवाळीपुरतं पंचांग बदलू नका. फोनवरच्या ॲपवर वेळ बघायचीच असेल तर गाव सांगली किंवा सातारा निवडलंय ना ते पाहा. पुष्कळदा तिथं दिल्ली असते, आणि सूर्यास्ताची वेळ चुकली की प्रदोषही चुकतो.

"स्थिर लग्न", "वृषभ लग्न" (लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) हे ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. आम्ही दिवे लागले की बसतो.

झाडलोट आणि नवी केरसुणी

साफसफाईबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दसऱ्यापासून सगळेच करतात. एवढंच, की ती अमावस्येच्या दुपारपर्यंत संपवा. घामाघूम होऊन पूजेला बसलं की चिडचिड होते आणि सगळा राग घरातल्यांवर निघतो.

केरसुणीबद्दल मात्र बोलायला हवं. आपल्याकडे ती खुद्द लक्ष्मी. चुकून पाय लागला तर आजही हात नमस्काराला जातो. दिवाळीच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला लाह्या-बत्ताशांच्या शेजारी शिंदीच्या केरसुण्यांचे ढीग लागतात. पिढ्यान् पिढ्या हे काम मातंग समाजातले कारागीर करत आलेत. बांधणी घट्ट आहे ना ते मुठीजवळ दाबून बघा आणि घासाघीस करू नका. प्लास्टिकचा झाडू पूजेत ठेवलेला मी पाहिलाय. देवी रागावेल असं नाही, पण ज्याच्या हातच्या वस्तूला आपण वर्षातून एकदा हळद-कुंकू लावतो, त्याला त्या दिवशी चार पैसे मिळायला नकोत का? पूजेतली केरसुणी कोरी असावी, चौरंगाच्या उजव्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून ती वापरात येते.

झाडण्यालाही जुना आधार आहे. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात एक छोटं सूक्त आहे. त्यात म्हटलंय की माणसाच्या देहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात. त्यातल्या काही पुण्या, काही पापी. माळावर विखुरलेल्या गाई वेगळ्या कराव्यात तशा मी त्या निवडतो, पुण्या राहोत, पापी निघून जावोत. म्हणजे "लक्ष्मी" या शब्दाला तेव्हा चांगली-वाईट अशी दोन्ही अंगं होती. वाईट अंग पुढं वेगळं होऊन अलक्ष्मी झालं, थोरली बहीण ज्येष्ठा. श्रीसूक्तातही "क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्" असं येतं: भूक, तहान आणि मळ हेच जिचं रूप, तिला मी घालवतो. दारिद्र्याची याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही.

मांडणी

जागा ईशान्येला किंवा पूर्वेला असावी म्हणतात. दुकानात ते नेहमी जमत नाही, आमचा गल्लाच दक्षिणेला आहे. आम्ही चौरंग अशा बेतानं ठेवतो की पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला येईल. चौरंगाखाली रांगोळी, वर लाल कापड, त्यावर तांदळाची दोन मुठींची रास. राशीवर तांब्याचा कलश. कलशात पाणी (आठवणीनं!), एक सुपारी, एक नाणं, हळद-कुंकू, दूर्वा, एक फूल. तोंडाशी पाच विड्याची किंवा आंब्याची पानं, वर नारळ, शेंडी वर. डाव्या बाजूला विड्याच्या दोन पानांवर सुपारी, ती गणपती. आणखी दोन सुपाऱ्या इंद्र आणि कुबेर यांच्यासाठी. सुपाऱ्या कापसानं पुसून, एकसारख्या गोल निवडून आदल्या दिवशीच बाजूला काढा. आयत्या वेळी डब्यातून फुटक्या खांडकाशिवाय काही हाती लागत नाही.

इंद्र कशाला, असं मुलं विचारतात. विष्णुपुराणातली गोष्ट सांगते. दुर्वासांनी दिलेली माळ इंद्रानं ऐरावताच्या डोक्यावर ठेवली, हत्तीनं ती सोंडेनं खाली टाकली, आणि दुर्वासांनी शाप दिला की तुझी श्री जाईल. तिन्ही लोकांची रया गेली, वनस्पती सुकल्या, यज्ञ थांबले. मग समुद्रमंथन, आणि त्यातून कमळ हाती घेतलेली लक्ष्मी. हरवली त्याच्याकडून, म्हणून परत आल्यावर स्तुतीही त्यानंच केली. लक्ष्मीपूजनाला जोडलेली दुसरी कथा बळीची: त्यानं कोंडलेल्या लक्ष्मीला आणि देवांना विष्णूनं या दिवशी सोडवलं. गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी पाडव्याला आपण "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणून त्याच बळीला ओवाळतो. शेतकऱ्यांच्या मुलखात हे दोन्ही एका घरात सुखानं नांदतं, आणि कोणाला त्यात अडचण वाटत नाही.

आता तसबीर. बाजारात सांगतात, बसलेली लक्ष्मी घ्या, उभी लक्ष्मी चालू लागते. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्या शेजारी कोल्हापूरची अंबाबाई शतकानुशतकं उभीच आहे आणि तिथून काही गेली नाही. (तिच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात आदिशक्ती महालक्ष्मीचं वर्णन अगदी असंच येतं. तेव्हा ती विष्णुपत्नी की स्वतंत्र आदिमाया, हा वाद जुना आणि जिवंत आहे. आपल्या पूजेला त्यानं फरक पडत नाही.) मी दोन हत्ती अभिषेक करतात ती गजलक्ष्मी निवडते. हे रूप फार जुनं: भारहूत आणि सांचीच्या दगडांवर, दोन हजार वर्षांपूर्वीचं, हेच कोरलेलं आहे. हत्ती म्हणजे ढग, त्यांच्या सोंडेतलं पाणी म्हणजे पाऊस. दुष्काळी आटपाडी-जत एका टोकाला आणि पुरात बुडणारी कृष्णाकाठची गावं दुसऱ्या टोकाला, अशा आपल्या जिल्ह्याला हे चित्र कोणी समजावून सांगायला नको.

फुलांत कमळ हवंच असा हट्ट नको. त्या दिवशी त्याचा भाव ऐकून हसू येतं. झेंडू, शेवंती पुरे. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, बेलाचं पान. बेल शंकराचा असं आपण धरून चालतो, पण श्रीसूक्ताच्या सहाव्या ऋचेत देवीला सांगितलंय की सूर्याच्या वर्णाच्या हे देवी, तुझ्या तपातून जन्मलेलं झाड म्हणजे बेल. पेठेत फुलवाल्याकडे बेल मागितला तर तो विचारतो, "आज सोमवार हाय का काय?"

ताटात काय असावं

साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे, गूळ आणि हळकुंडं, एवढं असलं की ताट पूर्ण. फराळ, पेढे, सुकामेवा ज्याच्या त्याच्या ऐपतीनं. तासगावचे बेदाणे आमच्याकडे हमखास असतात, कारण ते घरचेच म्हणायचे.

लाह्या साळीच्याच घ्या, मक्याच्या नाही. खरिपाची साळ नुकती निघायला लागलेली असते, आणि नवं धान्य आधी देवीपुढं ठेवायचं, हा लाह्यांमागचा साधा विचार. बत्तासे शेवटच्या क्षणी डब्यातून काढा. परतीच्या पावसाची दमट हवा असली की तासाभरात ते पाझरतात आणि लाल कापडावर चिकट डाग उठतो. तो डाग साबणानंही लवकर जात नाही, अनुभवाचे बोल.

धणे अख्खे घ्या, आणि पूजेनंतर मूठभर बाजूला ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

हळद ही आमच्या गावची, तेव्हा तिच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिणार. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत होती. अरुंद तोंडाचा, आत रुंद होत गेलेला मातीतला खड्डा, त्यात वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली कित्येक पेवं निकामी केली. पूजेला घेताना गड्डा नको, हळकुंड घ्या: बोटासारखं लांब, दोन्ही टोकं शाबूत, मोडल्यावर खट्‌ असा आवाज येणारं आणि आतून गर्द केशरी. वरून अतिपिवळं चकचकीत आणि हाताला रंग सोडणारं दिसलं तर ते परत ठेवा. पाच हळकुंडं पुरतात. घरात लहान मुलं असतील तर थोडी हळद ओली करून तिला चिमूटभर खायचा चुना लावून दाखवा. पिवळ्याचं लाल होतं. जुनं कुंकू हळदीपासूनच व्हायचं, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

पैसे, दागिने ठेवायचे का? ठेवा, आम्हीही एक चांदीचं नाणं ठेवतो. पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली एक कथा वाचल्यापासून नोटांच्या गड्ड्या रचायची हौस गेली. प्रजापतीपासून श्री उत्पन्न झाली, लखलखत उभी राहिली. देवांना तिचा हेवा वाटला. ते म्हणाले, हिला मारून सगळं घेऊ. प्रजापती म्हणाला, ती स्त्री आहे, स्त्रीला मारत नाहीत, जिवंत ठेवून घ्या. मग दहा देवतांनी एकेक गोष्ट काढून घेतली. अग्नीनं अन्न, सोमानं राज्य, वरुणानं साम्राज्य, मित्रानं क्षात्रतेज, इंद्रानं बळ, बृहस्पतीनं ब्रह्मतेज, सवित्यानं राष्ट्र, पूषानं भाग्य, सरस्वतीनं पुष्टी, त्वष्ट्यानं रूपं. श्री रिकामी झाली. प्रजापतीनं तिला उपाय सांगितला: त्या प्रत्येकाला हविर्भाग, म्हणजे यज्ञातला वाटा, दे आणि आपलं परत माग. तिनं तसं केलं आणि सगळं मिळवलं. त्या यादीत पहिलं अन्न आहे. सोनं कुठंच नाही. म्हणून आमच्या चौरंगावर नाण्याच्या आधी लाह्या मांडल्या जातात.

प्रत्यक्ष पूजा, पाऊण तासात

पूजा कोणी करावी? सासरे गेल्यावर पहिल्या वर्षी भाऊबंदांतले एक जण म्हणाले होते, "दुकानची पूजा पोराच्या हातनं करा, वहिनी." माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. सासूबाईंनी त्याला शेजारी बसवला आणि पूजा स्वतः केली. मला वाटतं, उत्तर त्यातच आलं.

सगळ्यात आधी समई लावा. ही केवळ रीत म्हणून सांगत नाही. श्रीसूक्ताच्या पहिल्या दोन ऋचा लक्ष्मीला उद्देशून नाहीतच, त्या जातवेदाला म्हणजे अग्नीला उद्देशून आहेत: "हे जातवेदा, तू तिला माझ्यासाठी घेऊन ये." आमंत्रण घेऊन जाणारा तो. तो लागला नाही तर निरोप जाणार कसा?

मग आचमन, आणि संकल्प. संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा, मोकळ्या आवाजात: "आज आश्विन अमावस्या. सांगलीत राहणारे आम्ही सगळे, घरात अन्न, आरोग्य आणि सचोटीचा पैसा टिकावा म्हणून गणपती, लक्ष्मी, इंद्र आणि कुबेर यांची पूजा करतो." हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडा. झाला संकल्प.

सुपारीच्या गणपतीला गंध, अक्षता, लाल फूल, दूर्वा, गुळाचा खडा. नंतर कलशाला आणि दिव्याला गंध-फूल. आता लक्ष्मी.

पूजेतल्या सोळा पायऱ्या म्हणजे सोळा उपचार, आणि श्रीसूक्ताच्या पंधरा ऋचा अधिक फलश्रुतीची सोळावी, अशी जोडी लावून षोडशोपचार पूजा करतात. श्रीसूक्त ऋग्वेदाच्या खिलभागातलं, म्हणजे परिशिष्टातलं. त्याला स्वर आहेत. शिकलेलं नसेल तर घाईनं ओढून-ताणून म्हणू नका. मोबाईलवर लावून त्याच्यामागं धावण्यातही अर्थ नाही, आपण आसनावर आणि तो नैवेद्यावर पोचलेला असतो, मध्येच जाहिरात लागते ती वेगळी. "श्री महालक्ष्म्यै नमः" एवढं प्रत्येक उपचाराला म्हणा, शास्त्रात नाममंत्राची पूजा पूर्ण मानली आहे.

आवाहनाला अक्षता, आसनाला अक्षता किंवा फूल, पाय धुवायला पाणी, अर्घ्य म्हणून गंध-फूल घातलेलं पाणी, आचमनाला पाणी. नाणं किंवा मूर्ती असेल तर तिला ताम्हनात घेऊन दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमानं पंचामृत, मग शुद्ध पाणी. तसबिरीला फक्त फुलानं पाणी शिंपडा. काच आणि चौकटीच्या फटीतून पाणी गेलं की वर्षभर देवीच्या गालावर डाग बघावा लागतो. पुसून जागेवर ठेवा, कापसाचं वस्त्र, मग खण.

नवव्या उपचाराला, गंधाला, थोडं थांबा. "गन्धद्वारां दुराधर्षां नित्यपुष्टां करीषिणीम्" ही ऋचा इथं येते. गंध हे जिचं दार, जी नेहमी पुष्ट, आणि जी करीषिणी. करीष म्हणजे वाळलेलं शेण, शेणखत. ज्या घरात जनावरं आहेत, ज्या रानात खत पडतं, तिथं ती असते. चंदन उगाळताना हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या दुकानात तर त्या क्षणी धणे, जिरं, हळद, मिरची सगळ्यांचाच वास असतो.

त्यापुढच्या ऋचांत चिखल येतो. कर्दम म्हणजे चिखल, आणि कर्दम हा लक्ष्मीचा मुलगा. "कर्दमा, माझ्या घरी ये आणि तुझ्या आईला, त्या कमळांची माळ घातलेलीला, माझ्या कुळात राहायला लाव." पाठोपाठ चिक्लीत येतो, तोही ओलसरपणाच. आई हवी असेल तर आधी मुलाला बोलवा, हा बेत मला फार आवडतो. कमळ चिखलात उगवतं, ऊस-हळदही काळ्या ओल्या मातीत. पुरानंतर रानावर बसलेला गाळ शेतकरी बोटांनी चुरून बघतो, ते याच ऋचेचं भाष्य. दुकानात मात्र फळ्यांवर वीतभर बसलेल्या गाळाला देवीचा मुलगा म्हणायची माझी तयारी अजून झालेली नाही. फावड्यानं काढलाय तो मी.

फुलं, हळद-कुंकू, अक्षता, बेल. उदबत्ती, मग निरांजन ओवाळा. नैवेद्याला पाण्याचं चौकोनी मंडल करून ताट त्यावर, भोवती पाणी फिरवा. विडा, दक्षिणा, आरती. शेवटी हा श्लोक पाठ नसेल तर कागदावर लिहून ठेवा:

नमस्ते सर्वदेवानां वरदासि हरिप्रिये।
या गतिस्त्वत्प्रपन्नानां सा मे भूयात्त्वदर्चनात्॥

"तुला शरण आलेल्यांना जे मिळतं, ते तुझ्या पूजेनं मला मिळो." कुबेराच्या सुपारीला गंध-फूल वाहताना "धनदाय नमस्तुभ्यं निधिपद्माधिपाय च" म्हणतात. तिजोरीला किंवा गल्ल्याला आतून स्वस्तिक याच वेळी काढायचं. इंद्राला नुसतं गंध-फूल पुरे.

वही

दुकानदारांचं हे खरं लक्ष्मीपूजन. पूर्वी लाल कापडी बांधणीची कीर्द आणि खतावणी असायची. आता हिशोब संगणकावर, आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू, तरी एक कोरी वही आणायचीच. पहिल्या पानावर मध्ये "श्री", डाव्या-उजव्या बाजूला "शुभ" आणि "लाभ", खाली हळद-कुंकवाचं बोट. संगणकाची पूजा करणार असाल तर कुंकू कागदाच्या चिठ्ठीवर लावून ती चिकटवा. कळफलकात गेलेली अक्षता आमच्या इथं दुरुस्तीवाल्यानं चिमट्यानं काढली होती, आणि तो हसत होता ते अजून आठवतं.

वहीपाशी एक जुनं वाक्य ठेवावंसं वाटतं. ऋग्वेदात "लक्ष्मी" हा शब्द एकदाच आलाय, दहाव्या मंडलातल्या एकाहत्तराव्या सूक्तात, आणि तो पैशाबद्दल नाही. चाळणीनं सातू चाळावा तशी जे शहाणे मनानं वाणी चाळून घेतात, त्यांच्या बोलण्यावर मंगल लक्ष्मी ठेवलेली असते, असं तिथं म्हटलंय. इथं लक्ष्मी म्हणजे खूण, शुभचिन्ह. श्रीसूक्तही दहाव्या ऋचेत "वाचः सत्यम्", वाणीचं खरेपण, मागतं. जनावरं आणि अन्न त्याच ओळीला लागून. मसाल्याच्या धंद्यात याचा अर्थ फार सरळ आहे. मिरची कुठली, हळद कुठली, भेसळ किती, हे गिऱ्हाइकाला कोण कसं सांगतो त्यावर दुकान चालतं.

सासूबाई वहीपूजनानंतर जुनी उधारीची वही उघडतात, नावं मनातल्या मनात वाचतात आणि एक नाव खोडतात. कोणाचं, ते विचारायचं नाही. मी दोनदा विचारलं. "तुला काय करायचं?" एवढंच उत्तर मिळालं.

दिवे, आणि दुकान बंद करताना

दिवे तिळाच्या तेलाचे छान, गोडेतेलही चालतं. पणत्या दुपारी पाण्यात बुडवून वाळवल्या तर तेल कमी पितात. कापूर ताम्हनातच पेटवा, पानावर नाही.

दुकान बंद करताना समई आत जळती ठेवू नका. आमच्या गल्लीत एका दुकानात शटर खाली ओढताना आलेल्या वाऱ्यानं ज्योत पडद्याला लागली होती. पोत्यांपर्यंत पोचायच्या आत कोणाला तरी धूर दिसला म्हणून वाचलं. "देवीपुढचा दिवा विझवायचा कसा" असं वाटत असेल तर त्या ज्योतीवर दुसरी वात लावून ती कंदिलात घरी न्या. आम्ही तेच करतो. स्कूटरच्या मागच्या सीटवर कंदील धरून बसायचं काम माझं.

रात्र आणि दुसरा दिवस

जुन्या ग्रंथांत एक विधी आहे जो शहरात जवळपास दिसेनासा झालाय. मध्यरात्री, लोकांचे डोळे अर्धवट मिटलेले असताना, बायकांनी सूप आणि डिंडिम (छोटा ढोल) वाजवत अलक्ष्मीला अंगणातून हाकलायचं. वर्णनात "प्रहृष्टाभिः" म्हटलंय, म्हणजे मजेत. सासूबाईंच्या माहेरी, वाळव्याकडं, हे पहाटे करायचे. फुटकं सूप काठीनं बडवत घरभर फिरून शेवटी उकिरड्यावर टाकायचं. आम्ही फ्लॅटमध्ये ताटली-चमच्यावर भागवतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवतो.

सकाळी उत्तरपूजा: अक्षता वाहून, नमस्कार करून चौरंग जरासा हलवायचा. आमच्याकडे "जा" म्हणत नाहीत, "घरातच राहा" म्हणतात. श्रीसूक्तातला शब्दही "अनपगामिनी" आहे, सोडून न जाणारी. कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं घरभर शिंपडून उरलेलं तुळशीत. नारळ फोडून त्याची वडी किंवा आमटीत वाटण, तो वाया घालवू नये. राशीचे तांदूळ त्या दिवशीच्या भातात. निर्माल्य कुंडीत पुरायचं, नदीत नाही. कृष्णेनं आपल्याकडून बरंच घेतलंय, आता प्लास्टिकच्या पिशवीतला झेंडू तरी तिला नको.

आणि ते मूठभर धणे. पोळपाटावर हलक्या हातानं लाटणं फिरवून प्रत्येक दाण्याचे दोन भाग करा, रात्रभर पाण्यात भिजवा, कुंडीत अर्ध्या बोटाएवढे खोल पेरा आणि माती ओली ठेवा, चिखल नको. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब दिसू लागतात, थंडी जास्त असेल तर थोडं उशिरा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा घट मांडायची वेळ येते, तोवर कुंडीतली कोथिंबीर खुडण्याजोगी झालेली असते. ती आमच्याकडे पहिल्या गुरुवारच्या नैवेद्याच्या आमटीवर पडते.